मोटार उभी करणारें यंत्र व ती चालविणारा मनुष्य

दररोज शाळा सुटण्याच्या सुमारास फाटकाबाहेर जो देखावा दिसतो तो आपणांपैकीं प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. रस्त्याच्या कडेला मोटारींची रांग लागलेली असते. एखादे गृहस्थ दोन मोटारींच्या मधल्या जागेंत आपली मोटार घालण्याची खटपट करीत असतात. पाठीमागून भोंगे वाजत असतात. आणि एखादा हौशी विद्यार्थी "येऊं द्या, येऊं द्या, अजून येऊं द्या" असें ओरडून त्यांस मार्ग दाखवीत असतो. "बस्स!" हा त्याचा शेवटचा शब्द मात्र बहुधा "खट्" असा आवाज झाल्यानंतरच ऐकूं येतो!

या नित्याच्या फजितीवर शास्त्रज्ञांनीं व कारागिरांनीं आतां एक उपाय काढला आहे. चालविणारानें एक कळ दाबावी, हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसावें, आणि मोटारीनें स्वतःच जागा शोधून, स्वतःच चाक फिरवून तेथें जाऊन उभें राहावें, अशी सोय पुष्कळ नव्या मोटारींत झालेली आहे. ती पाहून लहान मुलांस जादूचा भास होतो, आणि वडील माणसें "आतां माणसाला कांहीं कामच उरलें नाहीं" असें म्हणून मान हालवितात. माझ्या मतें हीं दोन्ही मतें सारखींच उथळ आहेत. यंत्रामुळें मनुष्याचें श्रम कमी होतात, कर्तव्य मात्र कमी होत नाहीं. उलट कांहीं बाबतींत तें वाढतेंच, हें दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे. परंतु ज्या वस्तूचें अंतरंग आपणांस ठाऊक नाहीं तिची स्तुति व निंदा दोन्हीहि व्यर्थ होत. म्हणून प्रथम हें यंत्र काम कसें करतें तें पाहूं.

मोटार कडेला लावणें कठीण कां? याचें कारण असें कीं चाक पुढें-मागें गडगडतें, पण बाजूला सरकत नाहीं. खेंकड्याला तिरपें जातां येतें. मोटारीला तें साधत नाहीं. तिला एक हात बाजूला जावयाचें असलें तरी आधीं मागें, मग वळून, मग उलट वळून, असा फेरा घ्यावा लागतो. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ब्रुक्स वॉकर नांवाच्या संशोधकानें यावर एक गमतीची युक्ति काढली होती. मोटारीच्या पाठीमागें त्यानें एक पांचवें चाक आडवें बसविलें. तोंड आधीं जागेंत घालावयाचें, मग हें चाक खालीं सोडून शेपूट उचलावयाचें, आणि फिरवून आंत आणावयाचें! युक्ति बुद्धिमान खरी, परंतु ती रूढ झाली नाहीं. नवें चाक जोडण्यापेक्षां आहेत त्याच चार चाकांना शहाणपण शिकविणें अधिक बरें, असेंच पुढें ठरलें.

शहाणपणाला पहिलें साधन लागतें तें ज्ञानेंद्रियांचें. मोटारीला कान हवेत. हे कान कसे असावेत याचा धडा निसर्गानें वटवाघळाच्या रूपानें फार पूर्वींच घालून ठेविला होता. इटलींतील धर्मोपदेशक व शास्त्रज्ञ स्पालान्झानी यानें १७९३ सालापासून वटवाघळांवर प्रयोग केले. डोळ्यांनीं दिसेनासें केलें तरी वटवाघूळ अंधारांत अडथळे चुकवून उडतें, परंतु कान बंद केले कीं तें आपटतें, असें त्याच्या प्रयोगांतून दिसून आलें. याचा खरा उलगडा मात्र १९४० च्या सुमारास डोनाल्ड ग्रिफिन व रॉबर्ट गॅलम्बॉस या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं केला. वटवाघूळ आपल्याला ऐकूं न येणारा अतिशय सूक्ष्म आवाज काढतें, आणि त्याचा प्रतिध्वनि ऐकून समोरची वस्तु किती दूर आहे तें ओळखतें.

मोटारीच्या पुढच्या व मागच्या बंपरवर रुपयाएवढ्या लहान गोल टिकल्या बसविलेल्या तुम्हीं पाहिल्या असतील. ही त्या मोटारीचीं तोंडेंहि आहेत आणि कानहि. मनुष्याला दर सेकंदास सुमारें २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकूं येतो. या टिकल्या सुमारें ४० ते ५० हजार कंपनांचा आवाज सोडतात, म्हणून तो आपल्याला कळत नाहीं. आवाज जातो, अडथळ्यावर आपटतो, आणि परत येतो. त्याला लागलेला वेळ मोजला कीं अंतर निघालें. हवेचें उष्णतामान २० अंश असतां ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४३ मीटर जातो. मग भिंत एक मीटर दूर असेल तर जाऊन येण्याच्या दोन मीटरांना सेकंदाचे सुमारें सहा हजारांश लागतील. इतका सूक्ष्म काळ यंत्र मोजतें! उन्हाळ्यांत उष्णतामान ४० अंशांवर गेलें कीं ध्वनीची गति सुमारें ३५५ मीटर होते. म्हणून काटेकोर हिशेबांत हवेच्या उष्णतेचाहि विचार करावा लागतो. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील "प्रतिध्वनि" हें प्रकरण ज्यांस नीरस वाटतें त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आतां जागा मोजावयाची कशी? मोटार हळूहळू रांगेच्या बाजूनें जात असतां तिच्या कुशीवरील कान सारखे ऐकत असतात. शेजारीं उभी असलेली मोटार आहे तोंपर्यंत प्रतिध्वनि लवकर येतो. मोकळी जागा आली कीं तो उशिरा येतो. पुन्हां मोटार आली कीं पुन्हां लवकर. म्हणजे जागेचा आरंभ व शेवट कळला. मधल्या वेळांत आपण किती पुढें आलों हें चाकें सांगतात. प्रत्येक चाकापाशीं त्याच्या फिरण्याचे ठोके मोजणारें एक उपकरण असतें. समजा चाकाचा परिघ सुमारें १९० सेंटिमीटर आहे व एका फेऱ्यास ४८ ठोके पडतात, तर एक ठोका म्हणजे सुमारें चार सेंटिमीटर. दीडशें ठोके पडले तर जागा सहा मीटर लांब आहे असें समजावें. चार मीटर लांबीच्या मोटारीस ती पुष्कळ झाली. हें गणित चौथ्या इयत्तेचें आहे. यंत्राची थोरवी एवढीच कीं तें कंटाळत नाहीं व चुकत नाहीं.

यापुढचें काम भूमितीचें. मोटार वळतांना तिचीं चारहि चाकें एकाच मध्यबिंदूभोंवतीं वर्तुळें काढतात, आणि तो मध्यबिंदु मागच्या आंसाच्या रेषेंत असतो. तसें व्हावें म्हणून पुढचें आंतलें चाक बाहेरच्याहून अधिक वळावें लागतें. ही रचना मोटारीच्या जन्माआधींची, घोड्यांच्या गाड्यांच्या काळांतली आहे. म्युनिक येथील गाड्या बांधणारे गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांची ती कल्पना. १८१८ सालीं लंडन येथें रुडॉल्फ आकरमान यांनीं तिचें पेटंट घेतलें, आणि म्हणून ती आज त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. कल्पना करणारा एक आणि नांव दुसऱ्याचें, हें जगांत नवें नाहीं!

तर मोटारीनें कडेला शिरावयाचें म्हणजे दोन कंस जोडून एक लांबट वळसा काढावयाचा. प्रथम चाकें कडेकडे वळवून मागें जावयाचें, आणि अर्धा मार्ग झाला कीं चाकें उलट वळवून तितकेंच मागें जावयाचें. उदाहरण घ्या. पुढच्या व मागच्या आंसांत अडीच मीटर अंतर आहे आणि चाकें तीस अंश वळविलीं आहेत, तर मागच्या आंसाचा मध्य सुमारें ४.३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरेल. मोटार बाजूला २.३ मीटर न्यावयाची असेल तर प्रत्येक कंसावर सुमारें ४३ अंश वळावें लागेल, व एकंदर सुमारें ५.९ मीटर मागें जावें लागेल. आमच्या वर्गांतील मुलें दरवर्षीं विचारतात कीं त्रिकोणमितीचा व्यवहारांत उपयोग काय? त्यांनीं वरील आंकडे स्वतः काढून पाहावे. उत्तर त्यांना मिळेल. चालविणारा अनुभवी मनुष्य हेंच गणित रोज सोडवितो, पण तें त्याच्या हातांत असतें, डोक्यांत नसतें. यंत्राला मात्र हात नाहींत, म्हणून त्याला तें उघडपणें मांडावें लागतें.

मार्ग ठरला कीं स्टिअरिंगला जोडलेली विजेची मोटर चाक फिरवूं लागते. फ्रान्समध्यें ईगोर पारोमचिक व क्रिस्तियां लोझिए या संशोधकांनीं १९९६ सालीं विजेच्या एका लहान मोटारीवर असा प्रयोग यशस्वी रीतीनें केला होता. बाजारांत ही सोय प्रथम आली ती २००३ सालीं जपानमध्यें, टोयोटा कंपनीच्या प्रियस मोटारींत. त्या वेळीं यंत्र केवळ चाक फिरवीत असे. वेग आंवरणें व थांबविणें हें काम चालविणाराच्या पायाकडेच ठेविलें होतें. पुढें यंत्राच्या मदतीला चार बाजूंस चार कॅमेरे आले, आणि त्यांचीं चित्रें जोडून जणुं कांहीं आकाशांतून पाहावें तसें मोटारीचें दृश्य चालविणारास दिसूं लागलें. मग कांहीं मोटारींत वेग व ब्रेकहि यंत्राच्या स्वाधीन झाले. आणि २०२२ च्या अखेरीस जर्मनींतील श्टुटगार्ट विमानतळाच्या एका वाहनतळांत, आंत कोणीहि मनुष्य नसतां मोटारीनें स्वतः जाऊन जागेवर उभें राहण्यास सरकारची परवानगी मिळाली. मात्र तेथें मोटारीप्रमाणेंच इमारतींतहि पाहणारीं यंत्रें बसविलेलीं आहेत, हें विसरतां कामा नये. शाळेच्या फाटकाबाहेरचा रस्ता म्हणजे कांहीं श्टुटगार्टचा वाहनतळ नव्हे.

इतकें कौतुक केल्यावर आतां यंत्राच्या उणीवाहि सांगितल्या पाहिजेत. ध्वनीवर चालणारे हे कान कठीण व सपाट वस्तूचा प्रतिध्वनि उत्तम ऐकतात. परंतु मऊ कापड ध्वनि गिळून टाकतें, बारीक खांब वा तार थोडाच ध्वनि परत पाठविते, आणि तिरप्या पृष्ठभागावरून तो भलतीकडेच निघून जातो. जी वस्तु अगदीं ठेंगणी आहे ती त्यांच्या टप्प्याखालीं राहते. जी अगदींच चिकटून आहे तिचा प्रतिध्वनि सोडलेल्या आवाजाच्या थरथरींतच मिसळून जातो. टिकलीवर चिखल बसला तर ती बहिरी होते, आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर पावसाचा थेंब बसला तर तो अर्धा आंधळा होतो. आतां विचार करा: मऊ कापडांत असलेली, ठेंगणी, आणि मोटारीला अगदीं चिकटून असूं शकणारी अशी जगांत कोणती वस्तु आहे? ती वस्तु म्हणजे लहान मूल.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेंत २००२ सालीं एका पित्यानें आपल्याच घरीं मोटार मागें घेतली, आणि तिच्याखालीं त्याचें स्वतःचें दोन वर्षांचें मूल सांपडून गतप्राण झालें. पिता निष्काळजी नव्हता. मागच्या कांचेंतून व आरशांतून तें मूल दिसणेंच शक्य नव्हतें. त्या मुलाच्या नांवें पुढें २००८ सालीं कायदा झाला, आणि मे २०१८ पासून त्या देशांतील प्रत्येक नव्या मोटारीस मागचें दृश्य दाखविणारा कॅमेरा असलाच पाहिजे असा नियम अमलांत आला. आपल्या देशांतहि १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींस मागील अडथळा कळविणारें यंत्र बसविणें सक्तीचें झालें आहे. हे दोन्ही नियम अत्यंत योग्य होत. एका आईबापाच्या अश्रूंतून हजारों आईबापांचें रक्षण करणारा नियम जन्मास येणें, यापेक्षां कायद्याचा अधिक उदात्त उपयोग कोणता?

परंतु येथेंच मला आमच्या आळींत गेल्या पावसाळ्यांत घडलेला एक प्रसंग आठवतो. शेजारच्या एका सद्गृहस्थांनीं नवी मोटार घेतली होती. मागें कांहीं असलें तर ती "पीं पीं" असा इशारा देई, व त्या गोष्टीचा त्यांस रास्त अभिमान होता. एके सकाळीं ते घाईघाईनें मोटारींत बसले व ती मागें घेऊं लागले. त्यांच्याच वाड्यांतील एक चार-पांच वर्षांचा मुलगा मागच्या चाकाजवळ गेलेली गोटी काढण्यासाठीं उकिडवा बसला होता. समोरून भाजीची पाटी घेऊन येणारी म्हातारी ओरडली, "अहो दादा, थांबा! पोरगं हाय मागं!" दादांनीं ब्रेक दाबला. दोन वितींचें अंतर राहिलें होतें. ते खालीं उतरले, मुलाला पाहून पांढरेफटक पडले, आणि पहिलें वाक्य त्यांच्या तोंडून निघालें तें असें: "पण यंत्र वाजलें नाहीं!"

बंपरवर आदल्या रात्रीचा चिखल सुकलेला होता. परंतु माझा रोख चिखलावर नाहीं, त्या वाक्यावर आहे. "मीं पाहिलें नाहीं" असें त्यांनीं म्हटलें नाहीं. "यंत्र वाजलें नाहीं" असें म्हटलें. मनुष्य चांगला, कुटुंबवत्सल, मुलांवर माया करणारा. तरीहि चार महिन्यांच्या सवयीनें पाहण्याचें काम त्यांच्याकडून नकळत यंत्राकडे गेलें होतें. आणि यंत्राला तर तें गेल्याची वार्ताहि नव्हती! कारण "मी तुमच्या मदतीला आहें" एवढेंच त्यानें कबूल केलें होतें. "तुमच्याऐवजीं आहें" असें त्यानें कधींच म्हटलें नव्हतें. मदतनीस आणि मुखत्यार यांतील हा भेद ज्यास कळला नाहीं त्याच्या हातीं उत्तम यंत्रहि धोक्याचें ठरतें.

येथें दोन प्रकारचे लोक मला अडवितील. एक म्हणतील, "म्हणूनच सांगतों, हीं यंत्रें नकोतच. त्यांनीं माणूस आळशी व परावलंबी होतो." या मंडळींस माझें विनयपूर्वक उत्तर असें कीं, ज्या आजोबांची मान संधिवातानें वळत नाहीं, त्यांना पाठीमागचें दाखविणारें यंत्र म्हणजे गेलेली मान परत मिळाल्यासारखें आहे. चष्मा लावल्यानें कोणी आळशी होत नाहीं. शिवाय अत्यंत सावध मनुष्याच्याहि दृष्टीच्या टप्प्याबाहेर जी जागा राहते, ती यंत्रानें थोडी जरी उजळली तरी तें उपकारच होत.

दुसरे, विशेषतः तरुण मित्र, म्हणतील, "मग आम्ही मोटार मागें घेण्यास शिकावें तरी कशाला? आमच्या वेळीं सर्व यंत्रेंच करतील." त्यांना मी विचारतों: गणकयंत्र आहे म्हणून पाढे विसरलेल्या मुलाला दुकानदारानें चुकीची मोड दिली तर ती चूक कळणार कशी? जो स्वतः शंभर वेळां मोटार नीट लावावयास शिकला आहे, त्यालाच यंत्र भलत्या मार्गानें जाऊं लागलें असतां तत्क्षणीं कळेल आणि त्याचा पाय ब्रेकवर जाईल. देखरेख करावयाची ती कामाहून अधिक ज्ञान असणारानें. ज्याला काम येत नाहीं तो देखरेख करीत नसतो, नुसता पाहत बसतो.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. यंत्र अरुंद जागेंत मोटार घालील, पण जागा निर्माण करणार नाहीं. ज्या जपाननें हें यंत्र प्रथम विकलें, त्याच देशानें १९६२ सालींच कायदा करून ठेविला होता कीं मोटार घेणारानें ती ठेवावयास जागा असल्याचा दाखला बहुतेक ठिकाणीं आधीं दाखवावा. म्हणजे "कशी उभी करूं" या प्रश्नाच्या चाळीस वर्षें आधीं त्यांनीं "कोठें उभी करूं" हा प्रश्न विचारला होता. आपण मात्र पादचाऱ्यांच्या वाटेवर मोटार चढवितों, आणि शाळेंत येणाऱ्या मुलांना भर रस्त्यांतून चालावयास लावतों. अशा ठिकाणीं यंत्रानें अचूक उभी केलेली मोटार आणि मनुष्यानें वेडीवांकडी उभी केलेली मोटार, दोन्ही सारख्याच चुकीच्या जागीं आहेत. जागा मोकळी आहे एवढें यंत्राला कळतें. ती दुसऱ्याची आहे हें कळावयास मनुष्यच लागतो.

म्हणून माझें मत थोडक्यांत असें. ही सोय अवश्य घ्यावी; परंतु आधीं तिच्यावांचून चालविण्यास शिकावें, आणि नंतर तिला आपली सोबतीण मानावी. टिकल्या व भिंगें रोज सकाळीं ओल्या फडक्यानें पुसावीं. आणि मोटारींत बसण्यापूर्वीं तिच्याभोंवतीं एक फेरी घालावी. या फेरीला अर्धें मिनिट लागतें, पैसा लागत नाहीं, आणि जें कोणत्याहि यंत्राला ऐकूं येत नाहीं तें तिच्यांत डोळ्यांना दिसतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याकडेहि एक काम आहे. उभ्या मोटारीमागें बसूं नका, तिच्याखालीं चेंडू वा गोटी गेली तर आधीं चालविणारास सांगा, आणि धाकट्या भावंडांना तसें शिकवा. मोटारीला कान आहेत म्हणून तिला तुमची हांक कळते असें समजूं नका. आणि पालकांस एवढीच नम्र विनंती: उद्यां फाटकाबाहेर मोटार मागें घेतांना यंत्राचा आवाज जरूर ऐका, पण तो आला नाहीं म्हणून निश्चिंत होऊं नका. मागें उभें असलेलें मूल कदाचित् आमच्या शाळेचें असेल. कदाचित् तें तुमचेंच असेल.